एडन, बसरा, मोंबासा

"कडी लावली!"

ही आरोळी मी दोन वर्षं रोज संध्याकाळी ऐकली. ती मागीलदारी, खुराड्यापासून यायची आणि तिला जबाब द्यावा लागायचा. मी वह्या तपासत असो की पोह्यांना फोडणी देत असो, मोठ्याने म्हणायचं, "लावली!" जबाब गेला नाही तर चाचा पुन्हा ओरडायचे नाहीत. कडीवर हात ठेवून तिथेच उभे राहायचे. मी एकदा मुद्दाम गप्प बसून पाहिलं होतं. दहा मिनिटं झाली, डास चावायला लागले, तरी माणूस हलेना. शेवटी मीच ओशाळून "लावली, लावली" म्हणालो, तेव्हा ते वळले आणि जाताना माझ्या खिडकीशी थांबून म्हणाले, "मास्तर, जबाब नाय तर काम झालं नाय."

मी त्यांचा भाडेकरू होतो. १९९८ साली लांज्याकडच्या आमच्या खेड्यातून मी रत्नागिरीत एका हायस्कुलात तात्पुरता शिक्षक म्हणून आलो आणि मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या जांभ्या दगडाच्या घरातली मागची खोली घेतली. त्यांनी पस्तीस वर्षं बोटीवर काढली होती. शेवटची दहा-बारा वर्षं ते सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके. म्हणून सगळी आळी त्यांना सारंगचाचा म्हणायची. बायको वारली होती. एकुलती मुलगी लग्न होऊन मुंबईला होती. उजव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा बंदरात दोरखंडात गेली होती. त्या तीन बोटांच्या हाताने ते विडी धरत, तसबीचे मणी ओढत आणि कोंबड्या तपासत.

आरोळीची पद्धत बोटीवरची. काम झालं की करणाऱ्याने ओरडून सांगायचं आणि ऐकणाऱ्याने तेच ओरडून परत द्यायचं. घरी आल्यावर चाचांनी ती गॅसला, नळाला, पुढच्या दाराला, सगळ्याला लावली. "गॅस बंद!" "बंद!" आधी जबाब बायको द्यायची, मग मुलगी. मुलगी म्हणे पाळण्यातून उतरली ती जबाब देतच. ती सासरी गेल्यावर हे काम भाडेकरूकडे आलं. खोली दाखवताना चाचांनी मला पाण्याची वेळ नंतर सांगितली, जबाब द्यायचं आधी शिकवलं. मला हसू आलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कारण सांगितलं तेव्हा ते जिरलं.

मी यायच्या आदल्या वर्षी दूध गॅसवर ठेवून ते नमाजाला गेले होते. पातेलं जळलं, खिडकीचा पडदा पेटला, शेजाऱ्यांनी दार फोडून पाणी मारलं. मुलगी मुंबईहून धावत आली आणि खूप भांडली. शेवटी असं ठरलं की आणखी एकदा अशी चूक झाली तर चाचांनी मुकाट मुंबईला यायचं. त्यांनी तसा शब्द दिला होता.

"माझं डोकं शाबूत हाय मास्तर," ते मला म्हणाले. "पन म्हातारा मानूस. माझ्या एकट्याच्या बोलन्यावर कोन विश्वास ठेवनार? साक्षीदार लागतो."

तो साक्षीदार मी. हे आधीच नीट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको.

कोंबड्या सात होत्या आणि एक कोंबडा. सातही जणींना चाचांनी पाहिलेल्या बंदरांची नावं. कोंबड्याला नाव नव्हतं. "तो पॅसेंजर हाय," म्हणायचे. सकाळी खुराडं उघडलं की एकेकीला उचलून शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये आपली बोटं लावून बघायचे. तीन बोटं मावली तर कोंबडी चालू, एकच मावलं तर बंद, म्हणजे तिचं अंडं थांबलं. "बघा, अल्लाने बरोब्बर मापापुरती बोटं ठेवलीन," असं हात दाखवून सांगत. ऐकणाऱ्याने हसावं की नाही, ते कळायचं नाही.

सातातल्या तिघी पार बंद झालेल्या होत्या. एडन, बसरा आणि मोंबासा. आमच्या गावात बंद झालेल्या कोंबडीचा विचार कोणी दोन दिवसांपेक्षा जास्त करत नाही. पाहुणा आला तर त्या दिवशी, नाही आला तर रविवारी. चाचांनी तिघींसाठी वेगळं छोटं खुराडं बांधलं होतं, कारण तरण्या कोंबड्या त्यांना टोचायच्या. आळीतले लोक त्याला पेन्शनरांची चाळ म्हणत. समोरचा मासेमारीची जाळी विणणारा जाता-येता दगडी गडग्यावरून ओरडायचा, "काय चाचा, म्हाताऱ्यांना बिर्यानीत कवा सोडतास?"

"तुझ्या बापाला इचार, त्याला सोडलास का तू?" चाचा म्हणायचे, आणि दाणे टाकत राहायचे.

ते कोंबडी खात नव्हते असं नाही. शुक्रवारी बाजारातून आणून चवीने खायचे. पण नाव दिलेल्या कोंबडीला सुरी लावायची नाही, हा त्यांचा कायदा. मी एकदा वाद घातला, तर म्हणाले, "बोटीवर खलाशी म्हातारा झाला, डोलकाठीवर चढता येईना, तर काय त्याला दर्यात टाकतात? त्याला दुसरं काम देतात." आणि त्यांनी खरंच कामं दिली होती. एडन सर्वांत थोरली, सात वर्षांची. अंडं बंद झालं तरी खुडूक मात्र ती व्हायची. म्हणून तरण्यांची अंडी तिच्याखाली ठेवत. बसराला एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण घार आली की सगळ्यांत आधी ती ओरडायची. तिची नेमणूक टेहळणीवर.

"आणि मोंबासा?" मी विचारलं.

चाचांनी बराच विचार केला. "ती हजर असते," म्हणाले.

मोंबासाची एक खोड होती. संध्याकाळी घरी यायचं ती विसरायची. बाकीच्या आपापल्या आत शिरल्या तरी ही काजूच्या झाडाखाली उभी. चाचा तिला काखेत मारून आणायचे. मुलीचा फोन असला की म्हणायचे, "मोंबासा इसरते. मी नाय इसरत."

२००० सालच्या थंडीत मुलीने फोनवर पुन्हा तगादा लावला. एवढं मोठं घर, विहीर, कोंबड्या, हे सगळं आता झेपत नाही. निदान त्या म्हाताऱ्या तीन कोंबड्या तरी काढून टाका. चाचा रिसीव्हर ठेवून पडवीत माझ्याजवळ येऊन बसले. खरंच अडचणीत पडल्यासारखे दिसत होते.

"मास्तर, तुमी सांगा. त्यांचं काय करावं?"

"आमच्याकडे कापतात," मी म्हणालो.

"ते झालं. दुसरं?"

"कुणाला तरी देऊन टाका."

"घेनारा काय करील?"

"कापील."

"मंग माझ्याच हातात सुरी दिलीत की फिरवून." ते हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ठरवीन. घाई नाय."

ती घाई मी केली.

डिसेंबरातला शनिवार. केळशीला चाचांच्या भाचीचा निकाह होता. ते पहाटेच्या एसटीने जाणार आणि रविवारी संध्याकाळी परतणार. शुक्रवारी मला सगळं समजावून दिलं. तरण्या चौघींना नि कोंबड्याला मी सकाळी सोडायचं, संध्याकाळी कोंडायचं. तिघी म्हाताऱ्या दोन्ही दिवस आतच राहतील, कारण मोंबासाला शोधत फिरायला मला जमणार नाही. त्यांचं दाणापाणी भरून ठेवलेलं असेल. "त्यांच्या कडीला हात लावू नका," म्हणाले.

शनिवारी पहाटे मी अंथरुणात होतो. मागून आवाज आला, "कडी लावली!" मी डोळे न उघडता म्हणालो, "लावली!" माझा स्वर झोपेने घोगरा झाला होता. मग पुढच्या दाराचा आवाज, आणि चाचांची पावलं चढाने लांब गेली. हे सगळं मला आज, इतक्या वर्षांनी, जसंच्या तसं आठवतं. एवढं नीट आठवतं म्हणूनच लिहितो आहे.

रविवारी शाळेतल्या शिक्षकांची आरे-वारेला सहल होती. मुख्याध्यापक येणार होते. आम्ही चौघे तात्पुरते, कायम करण्याचे कागद त्यांच्या टेबलावर. शनिवारी दुपारी शिक्षकांच्या खोलीत बेत चालला होता. सगळ्यांना गावठी कोंबडी हवी होती, आणि ती आणायची कोणी यावर घोळ. चित्रकलेचे शिक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "मेल्या, तुझ्या मागीलदारी कोंबड्या फिरतात नि तू गप्प बसतोस?"

"त्या मालकाच्या आहेत."

"मालक खंय हाय?"

"केळशीला."

"मग सांग, कांडेचोराने न्हेली!" कांडेचोर म्हणजे रात्री कोंबड्या पळवणारं उदमांजर. सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, जमलं तर." एवढंच. त्या माणसाने दुसरं काही म्हटलं नाही. मी त्या 'जमलं तर'मध्ये माझी नोकरी ऐकली.

रात्रभर मी स्वतःला पटवत होतो. तरण्यांना हात लावायचा नाही. तिघी तशाही बंद. चाचांना ठरवता येत नाही, मुलगी मागे लागली आहे, आपण परस्पर सोडवलं तर सुटतील बिचारे. कांडेचोरावर कोण रागावणार?

रविवारी सकाळी मी ती कडी काढली. पकडापकड करावी लागेल म्हणून गोणपाट घेऊन गेलो होतो. लागली नाही. दार उघडल्यावर एडन स्वतःच बाहेर आली आणि माझ्या पायाशी थांबली. रोज सकाळी उचलून घ्यायची, बोटं लावून घ्यायची सवय. मी उचललं तर तिने पंखही फडफडवला नाही. बसराने मान वाकडी करून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मोंबासा हजर होती.

दार मी उघडं टाकलं. घाईत नव्हे, जाणूनबुजून. कांडेचोर आला असं वाटायला दार उघडं हवं, एवढं सुचलं. कांडेचोराला लोखंडी कडी काढता येत नाही, हे सुचलं नाही.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली मीच त्या कापल्या. खेड्यातला म्हणून हे काम माझ्याकडे आलं. दोन तास शिजवल्या, कच्च्या पपईच्या फोडी टाकल्या, तरी मटण दोरखंडासारखं राहिलं. मुख्याध्यापकांनी दोन घास चावून पानाच्या कडेला काढून ठेवले. "कुठल्या जमान्यातल्या आणल्यात हो?" म्हणाले, आणि त्यावर पोट धरून हसणं झालं. मीही हसलो. उरलेलं कुत्र्यांनी खाल्लं. महिन्याभराने आम्हा चौघांनाही कायमचे कागद मिळाले. ते आधीच सही होऊन पडलेले होते.

चाचा दिवस मावळताना आले. हातात निकाहच्या बिर्याणीचा डबा. "तुमच्यासाठी मास्तर, गरम करून खावा," म्हणून त्यांनी तो माझ्या खिडकीत ठेवला आणि पिशवी खांद्यालाच ठेवून मागे गेले. मी आतून ऐकत होतो. तरण्यांना एकेक नावाने हाक मारली. मग पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"मास्तर, हिकडे या."

मी गेलो. ते छोट्या खुराड्यापुढे उकिडवे बसले होते.

"हे असं कवापासून?"

"मी सकाळी पाहिलं तेव्हा उघडंच होतं. कांडेचोर आला असेल."

त्यांनी दाराची कडी लावली, ओढून पाहिली, काढली, पुन्हा लावली. मग आत हात घालून तळ चाचपला. तीन बोटं वर काढून उजेडाकडे धरली.

"पीस नाय. रगत नाय. कांडेचोर असा नेत नाय. म्हंजे ह्या आपल्या पायांनी भायेर पडल्या. म्हंजे दार उघडं होतं." ते स्वतःशीच एकेक पाऊल टाकत पुढे जात होते, आणि प्रत्येक पाऊल बरोबर होतं. मला वाटलं आता माझ्यापाशी पोचतील. पण ते माझ्याकडे आले ते वेगळ्याच वाटेने.

"पन मी लावली होती."

मी कडीकडे पाहिलं.

"काल पहाटे. मी ओरडलो, नि तुमी जबाब दिलात." त्यांनी वर पाहिलं. "दिलात ना?"

होय म्हटलं तर कडी लावलेली होती. लावलेली असेल तर कोणीतरी काढली. घरात दुसरं कोण होतं?

"मी झोपेत होतो चाचा," मी म्हणालो. "तुम्ही ओरडलात असं मला काही आठवत नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. संशयाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. समोरचा जिना अंधारात कुठे संपतो ते पाऊल टाकून अजमावणाऱ्या माणसासारखे पाहत होते.

"मंग नसेल लावली," म्हणाले.

पुढचे चार दिवस आम्ही तिघींना शोधलं. आम्ही, कारण मीही गेलो. शाळेतून आलो की चाचांच्या मागून गडग्यापलीकडे, काजूच्या झाडांखाली, करवंदीच्या जाळ्यांत. ते हाका मारायचे, "एडन! बसरा!" आणि मग मला सांगायचे, "तुमी मोंबासाला हाक मारा, माझ्या हाकेला ती येत नाय." मी मारल्या. उन्हात उभा राहून मी तिच्या नावाने हाका मारल्या.

पाचव्या दिवशी त्यांनी मुंबईला फोन लावला. मी पडवीतच होतो. त्यांना लपवता आलं असतं. मुलीला तीन कोंबड्यांची खबर कोण देणार होतं? उलट ती खूशच झाली असती. पण बोटीवर पहाऱ्याला डुलकी लागली तर ती स्वतः जाऊन सांगायची असते, असं ते म्हणायचे.

"मी कडी लावायला इसरलो," ते फोनमध्ये म्हणाले. "नि लावली असं मला वाटतंय. तेच वाईट. दूध राहिलं तवा मला ठाऊक होतं राहिलं. ही मला लावलेली आठवते."

पलीकडून ती काहीतरी समजावत असावी. चाचा म्हणाले, "नाय, शब्द तो शब्द. ये तू."

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. मधे काहीच नव्हतं.

ती महिन्याभरात आली. सामान बांधलं गेलं. तेवढ्या दिवसांत चाचांनी ओरडणं सोडलं. काम करायचे आणि माझ्या खिडकीशी येऊन हळू विचारायचे, "मास्तर, नळ बंद केला ना मी?" आधी सांगायचे, आता विचारू लागले. तरण्या चौघी आणि पॅसेंजर त्यांनी माझ्या स्वाधीन केले. "ह्या पन म्हाताऱ्या होतील," म्हणाले. "तवा तुमी ठरवा. तुमचं ठरतं पटकन." टोमणा नव्हता तो. त्यांना माझं ते खरंच चांगलं वाटत असे. निघताना पुढच्या दाराला कुलूप घातलं, तीनदा ओढलं, आणि रिक्षा उभी असताना माझ्याकडे वळून विचारलं, "लागलं ना?"

"लागलं," मी म्हणालो. तेवढा एक जबाब मी खरा दिला.

घर पुढच्या वर्षी विकलं गेलं. मी दुसरीकडे बिऱ्हाड केलं, लग्न केलं, कोंबड्या बरोबर नेल्या. बायकोला वाटतं मला त्यांचा लळा आहे.

२००३ च्या मे महिन्यात मी मुंबईला त्यांच्याकडे गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. असं मी त्याआधीही दोनदा ठरवून परत फिरलो होतो. चौथ्या मजल्यावरचं घर. चाचा खिडकीजवळ खुर्चीत बसलेले, बरेच वाळलेले. मुलीने चहा दिला आणि हळू आवाजात सांगितलं, "काय सांगू मास्तर, सगळं विचारून करतात. गॅस बंद आहे का, दार लावलं का. नमाज पढलो का, हेसुद्धा मलाच विचारतात. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने डोकं चांगलं आहे. पण ह्यांना पटत नाही." ती स्वयंपाकघरात गेली.

"त्या चौघी?" चाचांनी विचारलं.

"आहेत. दोघी बंद झाल्या."

"मंग?"

"मग काही नाही. आहेत."

त्यांनी मान हलवली. मी कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला.

"चाचा, त्या दिवशी तुम्ही कडी लावली होती. तुम्ही ओरडलात आणि मी जबाब दिला. मला पक्कं आठवतं. तेव्हाही आठवत होतं."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"मंग काढली कोनी?"

"मी."

"कापल्यात?"

"हो."

"तिघी?"

"तिघी."

आता ते काय करतील या भीतीने मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात मांडीवर होता, तीन बोटं पसरलेली.

"शिजल्या?"

"नाही."

"शिजनार नाय," ते म्हणाले. "एडन सात वर्सांची होती."

मग खुर्चीचे हात धरून उठले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मी बसून राहिलो असतो. पण ते माझ्यासमोरून गेले आणि दार उघडून बाजूला उभे राहिले. घर, विहीर, काजूची झाडं, अडीच वर्षं, त्यांतलं काही त्यांनी माझ्याकडे मागितलं नाही. मी माफी असा शब्द काढला असावा. त्यांनी तो ऐकला नाही.

"जावा मास्तर."

मी बाहेर पडलो. माझ्या पाठीमागे दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी पहिल्या पायरीवर होतो. आता ते मुलीला हळू आवाजात विचारतील, लागली ना, म्हणून मी थांबलो.

"कडी लावली!"

तोच आवाज. जिनाभर घुमला. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी दार किलकिलं करून वर पाहिलं. माझ्या तोंडात जबाब आला होता, जीभ उचललीही गेली होती. पण तो माझ्याकडे मागितलेला नव्हता. आतून, स्वयंपाकघरातून, लहानपणच्या सवयीने, हातातलं काम न सोडता मुलीने तो दिला.

"लावली!"

मी खाली उतरलो.